जोरात ब्रेक मारला की गाडी मागून सुटते: आधी टायर बघायचे की ड्रम उघडायचे?

खाडीकाठ (गुहागर)
गेल्या आठवड्यात लोट्याकडून परशुराम घाट उतरत होतो. गाडीत एकटाच, डिकी रिकामी, नुकतीच सर पडून गेलेली. वळण संपतंय तोच रस्त्यात गुरं बसलेली दिसली. ब्रेकवर जोर दिला आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे निघाली. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचलो. गाडी २०१३ची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नाही.

गॅरेजमध्ये काही न तपासता ‘शू गेलेत’ म्हणून मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममधले, ब्रेक दाबला की ड्रमला घासणारे दोन्हीकडचे शू बदलले. दुसऱ्या दिवशी ओल्यात पुन्हा तोच प्रकार. मग मी स्वतः खाली वाकून बघितलं. चार महिन्यांपूर्वी दोन नवे टायर घेतले तेव्हा दुकानदाराने ते पुढे चढवले आणि जुने मागे टाकले. त्यांची नक्षी आता १.६ मिमीच्या, म्हणजे टायर संपल्याच्या खुणेला टेकली आहे.

माझं मत असं की मागून सुटणाऱ्या गाडीचा पहिला संशय ब्रेकवर घेऊच नये. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, उतारावर तर जास्तच. मागच्या चाकांवर आधीच भार कमी, त्यात गुळगुळीत टायर पाणी कापत नाही. अशा वेळी ठणठणीत ब्रेकसुद्धा चाक जाम करतो, आणि जाम झालेलं चाक गाडीला बाजूला सरकण्यापासून रोखू शकत नाही. म्हणून आधी हवा, मग टायर, मग मागचे बुश (सांध्यातले रबर) आणि शॉकअब्सॉर्बर. ड्रम सगळ्यात शेवटी. आणि दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे घाला.

जांभादगड (सावर्डे)
काका, थोडक्यात वाचलात. पण क्रम उलटा सांगताय. माझं गॅरेज आहे, किनाऱ्यावरच्या गाड्यांचे ड्रम रोज उघडतो. खारा वारा आणि लाल चिखल आत काय करतो ते बघायला या एकदा. एका बाजूचा अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) गंजून बसतो, शू ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरतो, हँडब्रेकची केबल आतल्या आत धरते. शू नवे टाकले आणि अ‍ॅडजस्टर तसाच ठेवला तर काम झालंच नाही.

तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट लिहिली आणि तिच्याकडेच दुर्लक्ष केलंत: शेपूट उजवीकडे गेलं. दर वेळी उजवीकडेच जातं का? टायरची ग्रीप गेली असेल तर रस्त्याचा उतार जिकडे तिकडे गाडी घसरेल. एकाच बाजूला जात असेल तर डावीकडचा ब्रेक उजवीपेक्षा जास्त धरतोय. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, कुणाला तरी पेडल हलकं दाबायला सांगा आणि चाकं हाताने फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम.

नवे टायर मागे हे तर मला पटतच नाही. आमच्या वाडीतून डांबरी रस्त्यावर यायला लाल मातीचा चढ आहे. ओढणारी चाकं पुढची. गुळगुळीत टायर पुढे घालून पावसाळ्यात वर कसं यायचं?

खाडीकाठ (गुहागर)
चढावर गाडी अडकली तर चार माणसं ढकलतील. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय सैल केला की बहुतेक वेळा पुन्हा वळते. मागची घसरली तर स्टेअरिंग उलटं मारून सावरावं लागतं, तेही क्षणात. ती सवय आपल्यात किती जणांना आहे?

रोहेकर_मेकॅनिकल
दोघांनीही हायड्रॉलिककडे (ब्रेक-तेलाच्या दाबाकडे) बघितलं नाही. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या असतात: पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. मागचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह प्रत्येक लाइनला वेगळा. त्यातला एक अडकला तर एकच मागचं चाक लवकर जाम होतं आणि ड्रम उघडून काहीच सापडत नाही. एप्रिल २०१९पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्यात मागच्या चाकांचा दाब ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) सांभाळतो, त्यामुळे असले दोष झाकले जातात. २०१३च्या तुमच्या गाडीत ते झाकायला कुणी नाही.

देवगडी_टेम्पो
मी सांगतंय ता ऐका, भार विसरू नका. आंब्याच्या पेट्या भरून जाताना माझा टेम्पो सरळ थांबायचा. रिकामा परतताना ब्रेक मारला की मागून फेकायचा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले होते. बॉडी खाली आली की भार आहे असं समजून भारावर चालणारा व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. पाटे बदलले, व्हॉल्व्हची दांडी सेट केली, फेकणं थांबलं. टायर तेच होते.

खाडीकाठ (गुहागर)
जॅक लावून बघितलं. हलक्या पेडलला डावं चाक लगेच धरतं, उजवं फिरतच राहतं. उजवीकडचा अ‍ॅडजस्टर गंजून मागे बसला होता. जांभादगड, इथे तुमचं बरोबर, माझा क्रम चुकला.

तो सोडवून घेतला, टायर मुद्दाम तसेच ठेवले. मग पहाटे पाऊस थांबल्यावर सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर चाळीसने ब्रेक मारला: गाडी सरळ. साठने मारला तर मागची बाजू सरकलीच, पण या वेळी कडेच्या उताराकडे. नंतर नवे टायर मागे आणि जुने पुढे केले, साठनेही सरळ थांबली. जुने दोन्ही या आठवड्यात काढून टाकतोय.

जांभादगड (सावर्डे)
चारही चांगले असतील तर वादच नाही. आता हँडब्रेकची केबलही सोडवून बघा. अ‍ॅडजस्टर गंजला तिथे केबल शाबूत असेल असं मला वाटत नाही. आणि दोनच नवे घ्यायची वेळ आली तर आमच्या चढावर ते पुढेच लागतील, हे माझं म्हणणं कायम आहे.