साथ आली की जीएनएमच्या मुलींचं क्लिनिकल कसं बसवायचं?

ट्यूटर_परळ
नमस्कार. आमच्या जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीच्या, स्कूलसाठी साथीच्या काळातल्या क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष सरावाचा, आराखडा आधीच करून ठेवायचा आहे. दुसरं आणि तिसरं वर्ष, निम्म्या मुली कल्याण-विरारकडून लोकलने येतात. मेडिकल वॉर्ड आयसोलेशनला गेले आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, तर तास कुठे भरून काढायचे? मुलींना आयसोलेशनमध्ये पाठवावं का? ऑनलाइनवर काय निभतं, काय नाही? लॉगबुकात सह्या आहेत पण हात बसलेला नाही, अशी बॅच बाहेर पडू नये एवढीच धडपड आहे.

इन्फेक्शन_कंट्रोल_सिस्टर
मॅडम, पाठवायचं की नाही हे आधी डॉफिंगवर, म्हणजे पीपीई उतरवण्यावर, ठरवा. पीपीई घालताना सगळ्या सावध असतात. धोका असतो तो काढताना. घामाने जीव कासावीस झालेला असतो आणि हात आपसूक चेहऱ्याकडे जातो.

सराव असा घ्या: पाण्यात कालवलेला लाल पोस्टर कलर बाहेरच्या ग्लव्हजना आणि कव्हरऑलच्या छातीवर फासा, मग सगळं उतरवायला सांगा. मनगटावर, मानेवर, कानामागे रंग दिसला की पुन्हा पहिल्यापासून. सलग तीन वेळा अंग कोरं राहिलं तरच वॉर्ड. क्रम हॉस्पिटलच्या तक्त्याप्रमाणे ठेवा, पण एन-९५ सगळ्यात शेवटी, पेशंटच्या खोलीबाहेर आल्यावर. पुढून हात न लावता आधी खालचा पट्टा, मग वरचा. प्रत्येक टप्प्यानंतर हँडरब, २० ते ३० सेकंद. समोर एक जण फक्त बघायला आणि क्रम मोठ्याने सांगायला हवी.

गॉगलवर वाफ धरते तेव्हा मुली गॉगल पुसायला जातात. खरा दोष बहुतेक वेळा मास्कच्या नाकपट्टीत असतो, श्वास वरून निसटतो. पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली तर मधोमध टोक येऊन दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, कडेने हवा लागली तर पुन्हा बसवायचा. हे वॉर्डात शिरण्यापूर्वी.

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर
मे २०२१ मध्ये केंद्राने बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना पूर्णवेळ कोविड ड्युटी द्यायला सांगितलं, तेही ज्येष्ठ डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलीला स्टाफ कमी आहे म्हणून एकटीला उभं करणं अजिबात मान्य करू नका.

तासांसाठी मेडिकल वॉर्डची वाट बघत बसू नका. बाळंतपणं कुठल्याच साथीत थांबत नाहीत, तिसऱ्या वर्षाला पालिकेच्या प्रसूतिगृहांत लावा. कम्युनिटीचे तास घरोघरच्या ताप-ऑक्सिजन तपासणीत किंवा लसीकरणात होतात: शीतसाखळी (लस थंड ठेवणं), नोंद, लसीनंतरची ३० मिनिटांची देखरेख. मात्र टोकन वाटणं आणि रांग आवरणं क्लिनिकलमध्ये धरू नका. कोविडमध्ये बंद पडलेली लोकल १५ जून २०२० ला पुन्हा सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीच, म्हणून मुलींची ओळखपत्रं आणि हॉस्पिटलचं पत्र आधीच तयार ठेवा. लांबच्यांना हॉस्टेलवर सलग मुक्कामाची पोस्टिंग द्या.

ऑनलाइनवर थेंबांचा हिशेब छान होतो. प्रत्येकीला एक आयव्ही सेट आणि पाण्याची बाटली द्या. ५०० मिली, ६ तास, २० थेंबांचा सेट (२० थेंब म्हणजे १ मिली), म्हणजे मिनिटाला २८ थेंब. रोलरने ते जमवून व्हिडिओ पाठवायचा. मग बाटली हातभर खाली आणून पुन्हा मोजायला लावा, थेंब कमी झालेले दिसतात. पेशंटचा पलंग वर-खाली केल्यावर थेंब परत का मोजायचे, ते तिथेच कळतं. धाप लागलेल्या माणसाचा श्वास मोजणं मात्र पडद्यावर शिकवता येत नाही.

ट्यूटर_परळ
दोघींचे आभार. आयसोलेशनला पाठवण्याआधी ऑक्सिजनचं लॅबमध्ये किती करून घ्यावं?

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर
ऑक्सिजनवर जास्त वेळ द्या, चूक इथेच महागात पडते. पिशवीवाल्या मास्कला मिनिटाला १० ते १५ लिटर लागतात. फ्लो कमी ठेवला तर श्वास घेताना पिशवी पार चपटी होते आणि पेशंटला हवा तेवढा ऑक्सिजन मिळत नाही. मास्क लावण्याआधी पिशवी भरून घ्यायची. नेझल प्रॉंग्ज (नाकात बसवायच्या नळ्या) ५-६ लिटरपर्यंतच.

सिलिंडरचा हिशेब तोंडपाठ हवा. भरलेल्या लहान, बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर, १० लिटरच्या फ्लोवर अडीच तास. जंबोत साधारण ७,०००, म्हणजे साडेअकरा तासांच्या आसपास. गेज अर्ध्यावर तर वेळही अर्धाच, म्हणून पेशंट हलवताना आधी गेज, मग ट्रॉली. ऑक्सिमीटरवर पहिला आकडा लिहून घेऊ नका म्हणावं. बोट गार असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर तो फसवतो, आकडा स्थिर झाला की मगच नोंद.

एका इन्स्ट्रक्टरमागे आयसोलेशनमध्ये चार मुली पुरे. आणि लॉगबुकात तीन वेगळे रकाने पाडा: पाहिलं, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) केलं, पेशंटवर देखरेखीखाली केलं. तिसऱ्या रकान्यात सही त्या वेळी पलंगापाशी हजर असलेल्या सिस्टरचीच हवी. तो रिकामा राहिला तर साथ ओसरल्यावर नेमकी कोणती प्रोसिजर कोणाकडून करून घ्यायची, त्याची यादी तयारच मिळते.