घरी शिवलेले साधे स्कर्ट : आपले अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात मुलीच्या तयार स्कर्टची लांबी वाढवून द्यावी म्हणून मी त्याची खालची मुडप उसवली, तेव्हा आत जेमतेम पाव इंच कापड निघाले आणि बाजूच्या शिवणींतही माया (शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड) अशी ठेवलेलीच नव्हती. ते पाहून मला आईने आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या घरी शिवलेले परकर आठवले. ती घेराच्या थोडे वर दोन-तीन आडव्या दुमडी घालून ठेवत असे आणि आम्ही उंच झालो की जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी त्यांतली एक उसवत असे. अर्ध्या इंचाच्या एका दुमडीत एक इंच कापड असते, त्यामुळे एकच परकर तीन-चार वर्षे अंगाला येत असे.

त्याच दिवशी मेन रोडवरून 44 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) पावणेदोन मीटर सुती कापड आणले आणि लेकीसाठी इलॅस्टिकचा स्कर्ट शिवला. तयार लांबी 30 इंच हवी होती. नेफ्यासाठी पावणेदोन इंच आणि खालच्या मुडपीसाठी दीड इंच धरून सव्वातेहतीस इंचांचे दोन तुकडे कापले, ते किनारीकडून जोडले, वर नेफा मुडपला आणि त्यात एक इंच रुंदीचे इलॅस्टिक ओवले. इलॅस्टिकची लांबी कंबरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी ठेवली. सगळ्या शिवणी सरळ असल्यामुळे मशीन नुकतीच शिकलेल्या व्यक्तीलाही हा स्कर्ट जमावा, असे मला मनापासून वाटते. आपणांपैकी जे घरी शिवतात, त्यांनी कापड, माप आणि पद्धत यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद, सिडको

कापड आधी भिजवले होते का, ताई? कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज कमी होतात. मी कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवते, न पिळता सावलीत वाळवते आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करते, म्हणजे उभा व आडवा धागा सरळ येतो आणि कापताना कापड तिरके जात नाही.

प्रतिसाद, गंगापूर रोड (धागा सुरू करणाऱ्या)

होय, भिजवले होते. रंग जातो का हेही त्याच वेळी कळते, म्हणून गडद कापड मी वेगळ्या बादलीत भिजवते.

प्रतिसाद, नाशिक रोड

अर्धगोल घेराचा स्कर्ट मला सर्वांत आवडतो, कारण त्याला कंबरेशी चुण्या पडत नाहीत, पोटाशी तो सपाट बसतो आणि खाली मात्र भरपूर झुलतो. त्याचे गणित शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या परिघाचेच आहे. कंबर 28 इंच असेल तर शिवणीची 1 इंच माया मिळवून 29 घ्यावेत आणि त्यांना 3.14 ने भागावे, म्हणजे त्रिज्या सव्वानऊ इंच येते. ही शिवणीची रेषा झाली. कापताना कंबरपट्टीच्या मायेसाठी अर्धा इंच आत, म्हणजे पावणेनऊ इंचांवर कापावे. तयार लांबी 26 इंच हवी असल्यास सव्वानऊमध्ये 26 आणि मुडपीचा 1 इंच मिळवून सव्वाछत्तीस इंचांवर बाहेरचे अर्धवर्तुळ आखावे. टेपचे एक टोक कापडाच्या किनारीवर धरून दुसऱ्या टोकाशी खडू फिरवला की रेषा नेमकी येते. 44 इंच पन्ह्याचे दोन मीटर कापड यास पुरते आणि उरलेल्या लांब पट्टीतून कंबरेची पट्टीही निघते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. या स्कर्टचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, येतो आणि तेथे कापड स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते. म्हणून कंबरपट्टी लावून झाल्यावर स्कर्ट रात्रभर खुंटीला टांगून ठेवावा, दुसऱ्या दिवशी जमिनीपासून वर मोजत घेर सारखा करावा आणि त्यानंतरच खालची मुडप घालावी.

प्रतिसाद, सातपूर

टांगून ठेवण्याचे कारण मला आज नीट समजले, मनापासून आभार. माझ्या मोठ्या बहिणीने हेच सांगितले होते, परंतु उरेब कापडामुळे असे होते हे तिने सांगितले नव्हते.

प्रतिसाद, इंदिरानगर

बाळंतपणानंतर तयार कपड्यांपैकी काहीच नीट बसेना. कंबरेला बसणारे पोटावर काचत असे आणि पोटावर सैल असलेले कंबरेवरून घसरत असे. तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती साडीचा गुंडाळून नेसायचा स्कर्ट शिवून दिला. कंबरेच्या दीडपट रुंदी, वर पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना लांब नाड्या आणि एक नाडी बाहेर काढण्यासाठी बाजूला काजासारखी फट, एवढेच त्याचे शिवणकाम होते. माझे माप महिन्यागणिक बदलत गेले तरी तो स्कर्ट नेहमी बसला. त्या दिवसांत अंगाला न काचणारे एक वस्त्र मिळणे ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती, आणि ते सासूबाईंनी न मागता ओळखले.

प्रतिसाद, पंचवटी

वाचून फार बरे वाटले. सासूबाईंना आमचा नमस्कार सांगावा. साडी कापताना काठ घेराकडे ठेवला होता का?

प्रतिसाद, इंदिरानगर

होय. काठ खालीच ठेवल्यामुळे मुडप घालावी लागली नाही आणि काठाच्या वजनामुळे घेर छान पडला. निऱ्यांच्या जागी काठ झिजलेला होता, म्हणून त्यांनी तेवढा भाग वगळून पदराजवळचा तुकडा घेतला.

प्रतिसाद, येवला

आमच्याकडे पैठणीच्या स्कर्टसाठी पुष्कळ जण विचारतात, म्हणून लिहितो. नवी पैठणी कापू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घडीवर विरलेली जुनी पैठणी असेल, तर तिचा काठ आणि शाबूत राहिलेला भाग वापरून मुलीचा परकर जरूर शिवावा. अशा रेशमाला 11 नंबरची नवी सुई, बारीक दोरा आणि आतून पूर्ण सुती अस्तर हवे. शिवणीवरचा ताण अस्तराने घेतला तरच जुने रेशीम टिकते. जरीच्या कापलेल्या कडांचे धागे फार सुटतात, म्हणून त्या अस्तराच्या आत बंद कराव्यात आणि इस्त्री वर सुती कापड ठेवून, मंद आचेवरच करावी.

प्रतिसाद, मालेगाव

दादांनी अस्तराचा मुद्दा फार चांगला मांडला. आमच्या गावच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड अस्तरासाठी तर चालतेच, शिवाय नवीन प्रकारचा स्कर्ट शिवण्यापूर्वी मी त्याच कापडाचा नमुना कापून, मोठ्या टाक्यांनी जोडून अंगावर घालून पाहते. नमुना पसंत पडला की तो उसवते आणि तेच तुकडे मूळ कापडावर ठेवून कापते. यात वेळ जातो, परंतु महागाचे कापड हाती असताना मन निश्चिंत राहते.

प्रतिसाद, देवळाली कॅम्प

कापड कोणतेही असो, सुई बदलण्याचा आळस कोणी करू नये. साध्या सुती कापडाला 14 नंबर पुरते आणि जीनच्या कापडाला 16 किंवा 18 लागते. बोथट सुई टाके सोडते आणि दोष मात्र मशीनला दिला जातो. माझी पायाची मशीन आजही चालते. पावसाळ्यात चामडी पट्टा सैल झाला की तो थोडा कापून पुन्हा जोडते आणि काम झाल्यावर तेलाचे थेंब देऊन एका चिंधीवर दोरा न ओवता शिलाई मारते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापडावर डाग पडत नाही.

प्रतिसाद, कॉलेज रोड

नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेच्या सुमारास बाजारात घागऱ्यांचे भाव चढतात, म्हणून आम्ही मैत्रिणी ऑगस्टमध्येच कळ्यांचे (वर अरुंद व खाली रुंद तुकड्यांचे) स्कर्ट शिवायला घेतो. बारा कळ्या आणि 30 इंच कंबर असेल तर प्रत्येक कळी वर अडीच इंच येते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया धरून ती साडेतीन इंच कापायची. खाली 12 इंच कापली की शिवून 11 इंच उरते आणि घेर 132 इंच मिळतो. एक कळी सुलटी व एक उलटी मांडल्याने कापड पुष्कळ वाचते, मात्र मोर किंवा उभी वेल छापलेली असल्यास निम्मी नक्षी उलटी येईल, तेव्हा असे कापड घेताना अधिक मीटर घ्यावे. बाजूला सात इंचांची चेन आणि वर एक हूक लावल्यास कंबर नेमकी बसते.

प्रतिसाद, सिडको

मैत्रिणींनी मिळून शिवण्याची कल्पना मला फार आवडली. यंदा आमच्या इमारतीतल्या मुलींना सांगून पाहते.

प्रतिसाद, म्हसरूळ

माझा एकच प्रश्न आहे. इलॅस्टिकच्या स्कर्टला खिसा लावता येतो का? माझी मुलगी रोज बसने महाविद्यालयात जाते आणि पास व मोबाइल ठेवण्यासाठी तिला खिसा हवाच आहे.

प्रतिसाद, गंगापूर रोड (धागा सुरू करणाऱ्या)

अवश्य येतो, आणि घरी शिवण्याचे मला वाटणारे सर्वांत मोठे कारण तेच आहे. बाजूच्या शिवणी घालण्यापूर्वी खिशाचे चार तुकडे कापावेत. हात उघडून कापडावर ठेवावा आणि बोटांच्या टोकांपुढे दीड इंच सोडून आखावे, म्हणजे मोबाइल पूर्ण आत जातो. खिशाचे तोंड नेफ्याच्या शिवणीखाली तीन इंचांवर सुरू करून सहा इंच ठेवावे. खिशाचा प्रत्येक तुकडा स्कर्टच्या तुकड्याला आधी जोडून घ्यावा आणि मग बाजूची शिवण वरून खाली, खिशाच्या कडेने फिरवून एका दमात घालावी. खिशाची वरची कड नेफ्यापर्यंत नेऊन त्यातच अडकवली तर मोबाइलच्या वजनाने तो लोंबत नाही. खिशासाठी पातळ पण घट्ट विणीचे पॉपलीन घ्यावे आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे मारून पक्की करावी, कारण शिवण सर्वांत आधी तेथेच उसवते.