मदत हवी आहे: लाइपझिगच्या टोमासशुलंबद्दल

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत लाइपझिगला जातोय. लेक पाचवीत जाईल, म्हणजे तिथे गिम्नाझिउम (विद्यापीठाच्या वाटेवरची माध्यमिक शाळा) सुरू होतं तेच वर्ष. ती पियानो वाजवते, त्यामुळे माझा जीव टोमासशुलंवर जडलाय. १२१२ साली मठाच्या आसऱ्याने सुरू झालेली ही शाळा आजही भरते! संगीतकार योहान सेबास्टियान बाख १७२३ पासून १७५० पर्यंत तिथे कांटोर (शाळेच्या आणि चर्चच्या संगीताचा प्रमुख) होता आणि शाळेच्या इमारतीतच बिऱ्हाड करून राहायचा. लॅटिन शिकवणंही त्याच्या गळ्यात पडलं होतं, पण स्वतःच्या पगारातून पैसे देऊन त्याने ते दुसऱ्याच्या माथी मारलं. (मला हे फार आवडलं.) ती इमारत १९०२ मध्ये पाडली, आताची शाळा हिलरश्ट्रासंवर आहे.

तिथला प्रसिद्ध कॉयर (गायकवृंद) फक्त मुलग्यांचा, पण शाळेत १९७३ पासून मुलीही आहेत. तर कॉयरबाहेरच्या मुलांच्या वाट्याला संगीत कितपत येतं? लॅटिन पाचवीपासूनच घ्यावं लागतं का? लेकीचं जर्मन जेमतेम आहे. अशा मुलांना आधी भाषेच्या तयारी वर्गात बसवतात, तिथून पुढे गिम्नाझिउममध्ये जागा मिळणं कितपत जमतं? लाइपझिगमध्ये कुणाची मुलं शिकत असतील तर कृपया अनुभव सांगा. दुसरी शाळा सुचवलीत तरी चालेल, फक्त संगीत हवं.