पाण्यातून काढल्यावर स्टीअरिंग जड? रॅकचं नंतर बघा
दादा, मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हापासून स्टीअरिंग जड आणि मेकॅनिक थेट रॅक (स्टीअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदला म्हणतोय? जरा दमानं घ्या.

बॉनेटखाली तेलाची छोटी टाकी नि पंपाचा पट्टा दिसला तर स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. पट्टा भिजला की घसरतो, वळवताना चीं चीं करतो, वाळला की बहुतेकदा ताळ्यावर येतो. नाही आला तर इंजिन बंद करून पट्टा दाबून बघा: सैल आहे का, चिरा पडल्यात का. टाकीतलं तेलही बघा. फेस असेल तर हवा शिरतेय, दुधाळ असेल तर पाणी. वरून ओतून काही होणार नाही, सगळं काढून बदलावं लागेल. तेल मात्र मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, गॅरेजात हाताला लागेल ते नको.

स्टीअरिंग इलेक्ट्रिक, म्हणजे मोटरवर चालणारं असेल आणि मीटरवर स्टीअरिंगचा दिवा लागला असेल, तर माझा पहिला संशय बॅटरीवर. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मग फ्यूज, कनेक्टर. पिना हिरव्या पडल्या असतील तर दुखणं तिथेच. हो, आणि पुढच्या टायरातली हवा! हे कोणी बघतच नाही.

कुर्ल्याला जुना रॅक मिळेलही, पण आधी गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचे कोड लिहून घ्या.