दहा वर्षांच्या पोरांना नॅशनलचं ट्रेनिंग?

कोपरीकर: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "व्हॉलीबॉलमध्ये पहिल्या दिवसापासून ओव्हरहँड सर्व्हिस आणि ५-१ (एकच लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, बाकी पाच मारणारे) शिकवा. अंडरहँडने हात बिघडतो, नेट खाली घेणं म्हणजे लाड." वाचून डोकंच फिरलं. मी दर रविवारी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मागे अठरा पोरं घेतो. पहिल्या महिन्यात हौसेने नेट पुरुषांच्या उंचीला, २.४३ मीटरला बांधलं होतं. एक मारतोय, बाकीचे बॉल आणायला पळतायत. मग बॅडमिंटन कोर्टावर माझ्या हनुवटीएवढी दोरी बांधली आणि चार-चार खेळवले. त्या दिवशी एक पोरगी मोठ्याने मोजत होती, "नऊ... दहा... अकरा!" पास लिफ्टरपर्यंत पोचतच नाही तिथे कसलं ५-१?

नेरूळचा स्मॅशर: ते महाशय मीच. "स्पर्धा जिंकायची असेल तर" हे माझे शब्द सोयीने गाळलेत. आम्ही खडीवर, खाडीच्या वाऱ्यात शिकलो. आमच्या सरांनी नेट खाली घेतलं नाही, म्हणून आम्ही उडायला शिकलो.

कोपरीकर: तुमचे सर पंधरा पॉइंटच्या जमान्यातले. तेव्हा सर्व्हिस चुकली की फक्त सर्व्हिस जायची. आता समोरच्याला थेट पॉइंट. दहा सर्व्हिस नेटमध्ये गेल्या की पोरगं पुढच्या रविवारी तोंड दाखवत नाही.

नेरूळचा स्मॅशर: तुम्ही स्वतः कधी मॅच खेळलायत का हो?

घणसोलीचा लिबेरो: भांडू नका. लेव्हल फक्त पोरांची नसते. आमच्या ऑफिसच्या टीमला एका उत्साही कोचने पहिल्याच दिवशी ब्लॉकच्या साठ उड्या मारायला लावल्या. वय माझं सेहेचाळीस. दोन आठवडे लोकलच्या पुलावर कठडा धरून चढत होतो.

सीवूड्सची आई: नेटची उंची ठरवताय, आधी मैदान दाखवा! आमच्या इथलं नवरात्रात मंडपाला जातं, मग लग्नांना. उरलेल्या दिवसांत बॉक्स क्रिकेटवाले. लेकीने डाइव्ह मारली तर मंडपाचा खिळा गुडघ्यात. टिटॅनसचं इंजेक्शन देऊन आणलं.

नेरूळचा स्मॅशर: यावर मात्र शंभर टक्के. आम्ही टर्फवर तासाचे पैसे विचारले, आकडा ऐकून चहा पिऊन परत आलो.

कोपरीकर: आमच्या कमिटीचं म्हणणं, बॉल गाड्यांना लागतो. गाड्या मैदानात लावायच्या आणि वर हे ऐकायचं.

सीवूड्सची आई: आम्हाला तर "मुली आहेत, गच्चीत खेळा" असं सांगितलं. गच्चीत! पाण्याच्या टाकीवरून स्मॅश मारायचा का?

घणसोलीचा लिबेरो: धागा कशावर होता?

नेरूळचा स्मॅशर: बरं, बारा वर्षांपर्यंत अंडरहँड, दिलं. दोरीही बांधा, हनुवटीला बांधा नाहीतर कमरेला. पण लिफ्टर लहानपणीच हेरायचा, यावर मी तसूभर हटणार नाही.

कोपरीकर: मोठी मेहेरबानी. आमच्याकडे दर रोटेशनला जो नेटसमोर मध्ये येतो तो लिफ्ट देतो. त्या मोजणाऱ्या पोरीचे हात सगळ्यांत मऊ आहेत, हे त्यातूनच कळलं.

नेरूळचा स्मॅशर: मग तिला आतापासून लिफ्टर करा की! मी दुसरं काय सांगतोय?

सीवूड्सची आई: आणि खिळे कोण उपटणार?