रात्री तीनला जाग, साडेसहाला थायरॉईडची गोळी. झोपायचं कधी?

टक्कजागी:
सत्ताविसावा आठवडा चालू आहे. हायपोथायरॉईड (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते) आधीपासूनच आहे. पूर्वी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी होती, दिवस राहिल्यावर डॉक्टरांनी १०० ची केली. शेवटचा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) २.१ होता, पण त्याला दोन महिने होऊन गेले.

गोळीचं सगळं नीट सांभाळते. साडेसहाचा गजर, उपाशीपोटी गोळी, मग तासभर तोंडात काही नाही. लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियम रात्री साडेआठला जेवणासोबत. पण तीनच्या सुमाराला लघवीसाठी उठते आणि मग डोळे टक्क उघडे. साडेपाचला जरा डोळा लागतो, तोवर गजर! दिवसभर डोकं जड. त्यात झोपताना छातीत जळजळते, म्हणून अकराला दोन चमचे अँटासिड घेते. आणि संध्याकाळनंतर पोटऱ्यांत आतून वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

घरच्यांचं म्हणणं, डोस वाढला तेव्हापासून झोप गेली, गोळी एक दिवसाआड घे. मला बाळाची काळजी वाटते. गोळीने खरंच झोप उडते का? आणि तीनला जागी असतेच, तर तेव्हाच घेतली तर चालेल का?

दुसरेपण:
अगं, एक दिवसाआड अजिबात नको. डोस वाढला तो गरोदरपणात शरीराची गरजच वाढते म्हणून. बहुतेकींना आधीपेक्षा २५ ते ५० टक्के जास्त लागतो. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते, पण आईकडून जाणारा हार्मोन त्याला त्यानंतरही हवाच असतो. मनाने डोस कमी करायची ही वेळ नाही.

गोळी जास्त झाली तर झोप उडते हे खरं आहे. पण तेव्हा बहुधा छातीत धडधड, हातांना कंप, खूप घाम, वजन न वाढणं असंही काही सोबत असतं. तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. तरी अंदाजावर राहू नकोस, टीएसएच आताच करून घे. पहिल्या अर्ध्यात दर ४ आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा तरी तो बघतात. घरच्यांनाही रिपोर्टच दाखव, वाद घालत बसू नकोस.

आता तीनच्या गोळीचं. माझ्या दोन्ही खेपांना हाच त्रास होता आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून मी रात्रीच घ्यायला लागले. गोळीला घड्याळाशी देणंघेणं नाही, पोट रिकामं हवं. जेवून किमान ३ तास आणि लोह-कॅल्शियमपासून ४ तास. साडेआठचं जेवण आणि कॅल्शियम यात सहज बसतं. अडचण तुझ्या अँटासिडची आहे. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि ती अंगी लागत नाही. अकरा ते तीन म्हणजे जेमतेम चार तास, आणि एखाद्या रात्री बाराला घेतलंस की तेही गेले. जळजळीवर दुसरं काही चालेल का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचार. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करून बघ, मला त्याने बराच फरक पडला.

आणखी एक. अर्धवट झोपेत घेतलेली गोळी सकाळी आठवत नाही, मग शंका येऊन दुसरी घेतली जाते. मी वारांच्या कप्प्यांची डबी आणली होती. आठवड्याच्या गोळ्या एकदम भरायच्या, डबी आणि पाण्याचा पेला उशाशी. कप्पा रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला. मोठा दिवा लावायचा नाही, फोन उचलायचा नाही, किती वाजले तेही बघायचं नाही. वेळ कळली की मन हिशोब करायला लागतं, ‘आता दोनच तास उरले’, आणि राहिलेली झोपही जाते.

ओपीडीतली सिस्टर:
वरचं सगळं पटलं. मला पायांबद्दल बोलायचंय, कारण हे बायका सांगतच नाहीत. वळवळ, हलवलं की बरं वाटणं, संध्याकाळनंतर वाढणं, हे रेस्टलेस लेग्जचं वर्णन आहे. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी असू शकतं, ती तपासणी होईल का विचारा. लोहाच्या गोळीसोबत चहा-कॉफी नको.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवर झोपायची सवय ठेवा. जाग आल्यावर उताणं असल्याचं लक्षात आलं तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. झोपेचं औषध, मेलाटोनिन किंवा ‘हर्बल’ म्हणून मिळणारं काहीही आपल्या मनाने घेऊ नका.

आणि रात्री तळहात-तळपायांना खाज सुटून झोपमोड होत असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच कळवा. यकृताची तपासणी लागते. जोरात घोरणं नव्याने सुरू झालं असेल तर तेही सांगा.

टक्कजागी:
दोघींचे मनापासून आभार. खाज नाही, घोरणंही नाही. डॉक्टरांशी बोलले. तीनला घ्यायला हरकत नाही म्हणाले, अँटासिड बदलून दिलं. टीएसएच, टी४ (थायरॉईडचा हार्मोन) आणि फेरिटिन एकत्रच करायचंय. रक्त द्यायचं त्या रात्री गोळी घेऊ का?

दुसरेपण:
त्या रात्री राहू दे. रक्त देऊन झालं की घे आणि मग तासाभराने खा. गोळीनंतर काही तास टी४ वर गेलेला दिसतो. वेळ बदललीस म्हणून ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा कर, नव्या वेळी गोळी नीट लागू पडतेय का ते त्यातच कळेल. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीचा करतात, तर घरी सोडण्याआधी कितीची घ्यायची ते लिहून घे आणि ६ आठवड्यांनी तपास. अंगावर पाजताना ही गोळी चालते, तेव्हा बंद करू नकोस.