आठवी-नववीसाठी आरोग्याचे तास: औषधाची पट्टी आणि खाऊचं पाकीट वाचायला कसं शिकवावं?

खडूफळा
गावातली शाळा, आठवी-नववी मिळून ४६ मुलं-मुली. शनिवारी पाऊण तास आरोग्यासाठी मिळतो. तक्ते, प्रभातफेरी, घोषवाक्यं सगळं होऊन गेलंय, मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण औषधाची पट्टी हातात दिली की त्यातली मुदत संपायची तारीख कोणती हे सांगता येत नाही. व्याख्यान नको आहे. मुलांच्या हातात कोणत्या वस्तू द्याव्यात, आधी काय घ्यावं आणि घोटाळा कुठे होतो, हे हवंय. लोहाच्या निळ्या गोळ्या बाकाखाली सापडतात, त्यावरही सुचवा. खर्च जवळपास शून्यच धरा.

सोमवारची_गोळी
सर, निळ्या गोळीपासूनच सुरुवात करा. वस्तू आयती शाळेत आहे आणि दर आठवड्याला येते.

तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १० ते १९ वयाला आठवड्यातून एक. मुलं ती टाकतात याची कारणं ठरलेली आहेत: उपाशीपोटी घेतल्यावर मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात, आणि ‘पुढे मूल होणार नाही’ ही अफवा. हे सगळं गोळी वाटण्याच्या आधी, स्पष्ट शब्दांत बोलून टाका. काळा रंग न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो, त्यात काही वावगं नाही.

पोषण आहार आठवीपर्यंतच आहे हे विसरू नका. नववीची मुलं डबा आणतात किंवा आणत नाहीत, म्हणून मळमळीची तक्रार तिथून जास्त येऊ शकते. नववीला डबा खाल्ल्यावरच गोळी द्या. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर उत्तम. मुलग्यांनाही त्याच रांगेत, त्याच वेळी द्या. फक्त मुलींना दिली की अफवेला पाय फुटतात. ताप किंवा उलट्या असतील त्या आठवड्यात थांबा. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं निदान झालेलं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विशेष लक्षात ठेवावं लागतं.

आणि ही गोळी रक्तक्षय, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं, टाळण्यासाठी आहे. १२ ते १४ वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं तर उपचार वेगळे असतात. ‘आठवड्याची गोळी चालू आहे ना’ म्हणून ते मूल तसंच सोडू नका.

पट्टीवाला
औषधाच्या पट्टीसाठी एकच नियम: वर्गात फक्त रिकामी पट्टी. एक गोळी जरी शिल्लक असली तरी ती आत घेऊ नका.

प्रत्येक जोडीला एक पट्टी द्या आणि शोधायला लावा: कंपनीने ठेवलेलं नाव कोणतं आणि आतल्या औषधाचं नाव कोणतं, एका गोळीत किती मिलिग्रॅम, मुदत कधी संपते, डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे का. मुदतीत नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पुष्कळ मोठी माणसंही एक तारखेलाच फेकून देतात. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिकांवर ती दिसेल.

खरा घोटाळा कापलेल्या पट्टीत आहे. दुकानातून चार गोळ्या कापून मिळतात आणि तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. म्हणून बिल मागायला शिकवा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत दोन्ही असतात. घरी गोळ्या काढताना तारखेच्या उलट टोकापासून काढायच्या, हेही त्याच तासात.

मग तापाची गोळी आणि सर्दीची गोळी, अशा दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या शेजारी ठेवा. दोन्हींत पॅरासिटामॉल सापडलं की वर्गात आवाज होतो. दोन्ही एकदम घेतल्या तर तेच औषध दुप्पट पोटात जातं आणि त्याचा फटका यकृताला बसतो.

नीलिमा_ताई
पट्टीवाले दादांशी सहमत, फक्त डोसचं गणित मुलांना देऊ नका. वजनाला इतके मिलिग्रॅम हे शिकवलं की उद्या धाकट्या भावाला तेच औषध देऊन मोकळे होतील. ‘दोन्हींत एकच औषध आहे का?’ एवढा प्रश्न विचारता आला तरी पुष्कळ झालं.

ओआरएसचा, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या पाकिटाचा, तास मात्र जरूर घ्या, पावसाळ्याच्या तोंडावर. मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं, २०.५ ग्रॅमचं असतं. २०० मिलीचं छोटंही मिळतं. घरात मोठं पाकीट पेल्यात ओततात नाहीतर थोडं थोडं करून वापरतात. पहिल्यात द्रावण फार खारट होऊन त्रास वाढतो, दुसऱ्यात प्रमाण चुकतं. १ लिटरची बाटली आणा, अख्खं पाकीट एकदम विरघळवा, बाटलीवर वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा. घरचे पोह्यांचे चमचे मोठे असतात, तेव्हा औषधाच्या बाटलीचं टोपण घेऊन मोजून दाखवा.

गणितवाला
खाऊच्या पाकिटाचा तास गणिताच्या शिक्षकांना द्या. मुलं पाकीट ‘वाचतात’, अडतात त्रैराशिकात. आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि पाकीट ५० ग्रॅमचं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर त्या पाकिटात ४०० मिलिग्रॅम. त्याला अडीचने गुणलं की मीठ: १ ग्रॅम. दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायचं असतं. साखरेला ४ ग्रॅमचा एक चमचा धरा. १०० मिलीला ११ ग्रॅम साखर असलेलं २५० मिलीचं पेय म्हणजे जवळजवळ सात चमचे. ते वर्गात पेल्यात मोजून ठेवा, बोलायची गरज पडत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिली तीन नावं पाहिली तरी अंदाज येतो.

नीलिमा_ताई
वजन-उंची मात्र सगळ्यांसमोर मोजू नका आणि आकडा मोठ्याने वाचू नका. मोठ्यांचे १८.५ आणि २५ चे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) आकडे या वयाला लागू नाहीत, वय-लिंगाप्रमाणे तक्ता असतो. पाळीविषयीचे प्रश्न पेटीत घ्या, पण चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची. प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ लिहायचं. नाहीतर पेटीकडे उठून जाणारी मुलगीच कळते.

सोमवारची_गोळी
तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आजीला हे कसं सांगशील, आत्ता सांग’ असं म्हणा. जिथे अडखळतात तिथे आपलंच शिकवणं कमी पडलेलं असतं.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. एक शंका: पट्ट्या मुलांनी घरून आणल्या तर कुणाच्या घरी कोणता आजार आहे ते उघड होणार नाही का?

पट्टीवाला
होईल. क्षयाची, फिटची किंवा मनाच्या आजाराची पट्टी लगेच ओळखू येते. घरून मागवू नका. दवाखान्यातून किंवा दुकानातून रिकाम्या पट्ट्या आणि खोकी मागा, एका डब्यात मिसळा. खोक्यावर अक्षरं मोठी असतात, सुरुवातीला तीच बरी. पण नंतर पट्टीवर या, कारण घरी खोकं येत नाही.